केंब्रिजच्या परसदारी: पंटिंगच्या सफरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंब्रिजला राहायला आल्यापासून आमच्या घराची अर्धी धर्मशाळा झाली आहे. लंडन बघायला आलेला प्रत्येक नातेवाईक एक दिवस इकडे टाकतो, आणि निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात. पोहता येत नाही, चालेल का? डबा न्यायचा का? न्यूटनचा पूल दिसतो का? एकेकाला वेगळं उत्तर देऊन बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं.

पंटिंग म्हणजे नक्की काय?

पंट ही सपाट बुडाची, लांबट, दोन्ही टोकांना चौकोनी होडी. तिला चालवायला वल्ही नाहीत, शीड नाही, इंजिनही नाही. मागच्या टोकावरच्या फळीवर एक जण उभा राहतो. त्याच्या हातात सुमारे पाच मीटर लांब काठी असते. ती तो हातातून सरळ खाली सोडतो, तळाला टेकली की तिच्यावर जोर देतो, आणि होडी पुढे सरकते. मग तीच काठी मागे पाण्यात सैल धरून सुकाणूसारखी वळवतो. लांबून बघताना वाटतं, यात काय आहे? काय आहे ते पुढे सांगते.

ही होडी मुळात थेम्सवरची, उथळ पाण्यातल्या कामाची. केंब्रिजमध्ये ती हौसेखातर वापरायला लागले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे गाईड कितीही 'शतकानुशतकांची परंपरा' म्हणाला तरी आजूबाजूच्या इमारतींच्या मानाने पंट कालची पोर आहे. पुणेकरांना हा प्रकार अगदीच अनोळखी नसावा. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेगाटात, म्हणजे होड्यांच्या जलशात, मुठेच्या पाण्यावर 'पंट फॉर्मेशन' पाहिलं असेल तर ही त्याच जातीची होडी.

आणि हो, पंट चालवणाऱ्याला इथे 'पंटर' म्हणतात. मुंबईकरांनी हसून घ्यावं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं.

शहर पायी फिरता येतं, मग बोट कशाला?

कारण केंब्रिजची कॉलेजं रस्त्याकडून स्वतःला लपवतात. रस्त्यावरून दिसते ती उंच भिंत, तिच्यात एक दरवाजा, दरवाजात टोपी घातलेला पोर्टर, म्हणजे कॉलेजचा द्वारपाल, आणि शेजारी पाटी: आज प्रवेश बंद. कॅम नदी मात्र कॉलेजांच्या मागून जाते. या पट्ट्याला इथे 'द बॅक्स' म्हणतात. मला याला आपला 'परसदार' हाच शब्द बरोबर वाटतो. पुढच्या दाराशी औपचारिक असणारं घर परसात मोकळं असतं, तसंच हे. हिरवळ, झुकलेल्या विलो, खिडकीत वाळत घातलेले मोजे, काठावर पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेला मुलगा. पुढच्या दाराने जे पैसे देऊन अर्धवट दिसतं, ते मागून बसल्या जागी दिसतं.

परसदार हा शब्द कामाच्या अर्थानेही खरा आहे. रेल्वे 1845 मध्ये आली. त्याआधी कोळसा, धान्य, सगळा जड माल किंग्ज लिनच्या बंदरातून नदीने वर यायचा. माल भरलेल्या पडावांना घोडे ओढत. पण कॉलेजांनी आपल्या हिरवळीवरून घोडे न्यायला परवानगी दिली नाही. मग काय केलं असेल? नदीच्या तळाशी मध्यभागी खडीचा उंचवटा घातला आणि घोडे पाण्यातून चालवले. पंटची काठी मधेच 'टण्' आवाज करून कडक तळाला लागते तेव्हा मला तेच घोडे आठवतात.

सफर किती वेळाची? कुठून कुठे?

साधारण 45 ते 50 मिनिटं, जाऊन-येऊन. एक टोक दक्षिणेला सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलाशी, मिल पाँडजवळ. दुसरं उत्तरेला मॉडलिन ब्रिजजवळच्या कीसाइडला. कुठल्याही टोकाहून बसलात तरी तोच पट्टा दिसतो. हे दोन धरून वाटेत नऊ पूल लागतात.

वाटेत काय काय दिसतं?

सिल्व्हर स्ट्रीटकडून निघालात असं धरते.

पहिल्याच वळणावर क्वीन्स कॉलेजचा लाकडी 'मॅथेमॅटिकल ब्रिज'. लांबून कमान दिसते, पण जवळ जाऊन बघा: त्यात एकही वाकडं लाकूड नाही. सगळ्या सरळ तुळया. एकेक तुळई कमानीला स्पर्शिकेसारखी टेकवलेली आणि त्यांना बांधणारी आडवी लाकडं त्रिज्यांसारखी. दहावीची भूमिती नदीवर उभी करून ठेवली आहे. विल्यम एथरिजने आराखडा केला, जेम्स एसेक्सने 1749 मध्ये बांधला. लाकूड कुजतं म्हणून 1866 आणि 1905 मध्ये त्याच आराखड्यावर पुन्हा उभारला.

मग उजव्या हाताला एकदम मोकळं होतं आणि हिरवळीपलीकडे किंग्ज कॉलेजचं चॅपल. पोस्टकार्डवर असतं ते हेच. सहाव्या हेन्रीने 1446 मध्ये पायाचा दगड ठेवला आणि बांधकाम 1515 मध्ये संपलं. मधे राजे बदलले, यादवी झाली, पैसे संपले, पुन्हा आले. आतली दगडी पंखांसारखी पसरत जाणारी छत जगातली या प्रकारची सर्वांत मोठी आहे. ती नदीवरून दिसत नाही, त्यासाठी तिकीट काढून आत जावं लागतं. जा. या एका तिकिटाला मी कधी कुणाला अडवत नाही. गाईड बहुधा न सांगणारी गोष्ट अशी की ही मोकळी जागा मोकळी नव्हती. इथे गावाचे धक्के होते, गल्ल्या होत्या, घरं होती. कॉलेजसाठी हेन्रीने ती सगळी उठवली. चॅपलसमोरच्या हिरवळीचा एक भाग हल्ली रानफुलांसाठी सोडला आहे. उन्हाळ्यात तिथे खसखशीची लाल फुलं असतात आणि गवत कापायला घोडे आणतात.

पुढे क्लेअर कॉलेजचा दगडी पूल, 1640 चा. नदीवर आज उभ्या असलेल्या पुलांत सर्वांत जुना. कठड्यावर 14 दगडी गोळे आहेत, त्यांतल्या एकातून कलिंगडाच्या फोडीएवढा तुकडा गायब आहे. मुलांना तो शोधायला लावा, पाच मिनिटं शांतता मिळते.

त्यापलीकडे गॅरेट हॉस्टेल ब्रिज. नवा, 1960 चा, साधाच, पण सार्वजनिक. म्हणजे त्यावर पोरं उभी असतात आणि खालून जाणाऱ्या पंटची काठी वरच्या वर पकडून ठेवणं हा त्यांचा जुना खेळ. याच ठिकाणी ट्रिनिटी हॉल आहे. ट्रिनिटी कॉलेज वेगळं, ट्रिनिटी हॉल वेगळं, आणि दोघांनाही हा घोटाळा आवडत नाही. स्टीफन हॉकिंग संशोधन करायला आले ते या ट्रिनिटी हॉलमध्ये.

मग ट्रिनिटी कॉलेज. आठव्या हेन्रीने 1546 मध्ये, म्हणजे मरायच्या थोडंच आधी स्थापन केलं. नदीवरून दिसते ती रेन लायब्ररी: खाली कमानींची ओळ, वर उंच खिडक्यांची ओळ. क्रिस्टोफर रेनचा आराखडा, 1695 मध्ये पूर्ण. न्यूटनची स्वतःची, स्वहस्ते दुरुस्त्या केलेली 'प्रिन्सिपिया' या त्याच्या ग्रंथाची प्रत इथे आहे. इथेच एका पेटीतल्या कागदांमध्ये 1976 मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाला रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातली पानं सापडली, ज्यांना आता 'हरवलेली वही' म्हणतात. रामानुजन 1914 मध्ये इथे आले, 1918 मध्ये ट्रिनिटीचे फेलो, म्हणजे कॉलेजचे मानाचे सदस्य, झाले आणि 1919 मध्ये आजारी शरीराने परत गेले. आमची बोट या खिडक्यांखालून जाते तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास गप्प होतं. पूर्वी मी लगेच माहिती द्यायला लागायचे. आता तेवढा वेळ मीही गप्प बसते.

शेवटी सेंट जॉन्स आणि त्यांचा बंदिस्त 'ब्रिज ऑफ साइज', म्हणजे उसाशांचा पूल, 1831 चा. नाव व्हेनिसच्या, तुरुंगाकडे जाणाऱ्या पुलावरून घेतलं. साम्य एवढंच की दोन्ही पूल वरून झाकलेले आहेत. उसासे कैद्यांचे नसून परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे, हा विनोद प्रत्येक गाईड करतो. हसा, त्याला दिवसातून सहा वेळा करावा लागतो.

मॉडलिन ब्रिज आला की कीसाइड. एकेकाळचा मालाचा धक्का, आता आइस्क्रीमचा.

गाईड सांगतात त्या गोष्टी खऱ्या असतात का?

ऐकायला छान असतात. किती धराव्या ते सांगते.

मॅथेमॅटिकल ब्रिज न्यूटनने एकही खिळा-बोल्ट न वापरता बांधला, विद्यार्थ्यांनी उत्सुकतेपोटी सोडवला आणि पुन्हा जोडता येईना: साफ खोटं. न्यूटन 1727 मध्ये वारला, पूल 1749 चा. आणि बोल्ट तर नदीतूनही दिसतात. गंमत म्हणजे काही गाईड आधी ही गोष्ट रंगवून सांगतात आणि पुढच्या वाक्यात स्वतःच मोडीत काढतात. असा गाईड मिळाला तर टीप द्या.

क्लेअरच्या गोळ्यातली फोड, कारण गवंड्याला पूर्ण पैसे मिळाले नाहीत: तुकडा नाही हे खरं, बाकी सगळी कीर्तनातली भर.

कवी बायरनने ट्रिनिटीत अस्वल पाळलं होतं: हे खरं. कुत्रा पाळायला मनाई होती, अस्वलाबद्दल नियमांत काही नव्हतं. कायद्याचा असा अर्थ लावणारा माणूस आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी झाला असता.

ब्रिज ऑफ साइजच्या खाली विद्यार्थ्यांनी मोटार टांगली होती: हेही खरं, आणि एकदा नाही, दोनदा, दोन्ही वेळा 1960 च्या दशकात. त्याआधी 1958 मध्ये विद्यापीठाच्या सिनेट हाउसच्या छपरावर एका रात्रीत ऑस्टिन सेव्हन गाडी चढवली होती ते इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वेगळेच.

ट्रिनिटीच्या मालकीच्या जमिनीवरून थेट ऑक्सफर्डपर्यंत चालत जाता येतं: नाही येत. पण कॉलेज श्रीमंत आहे एवढं खरं.

मराठी माणसाची काही खूण आहे का तिथे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कुठलाच गाईड देत नाही, म्हणून ते मी बोटीत हळू आवाजात देते.

सेंट जॉन्स आलं की सांगा: रँग्लर परांजपे इथले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात आणि पहिल्याला सीनियर रँग्लर. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. इंग्रजांच्या देशात 'रँग्लर' हा शब्द विद्यापीठाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे मात्र तो 'डॉक्टर'सारखा नावाआधी लागला: रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. परांजपे परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले आणि पुढे प्राचार्य झाले. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे याही केंब्रिजला गणित शिकल्या, बॅक्सपासून जवळच असलेल्या न्यूनहॅम कॉलेजात. त्यांच्या वेळी मात्र हे विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी देत नव्हतं. त्याला 1948 उजाडलं.

किंग्जच्या हिरवळीपाशी जयंत नारळीकर. कोल्हापूरला जन्म, बनारसला शिक्षण आणि 1957 मध्ये इथे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही इथलेच रँग्लर, त्यामुळे घरात केंब्रिजची वाट आधीच पडलेली. जयंतराव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि पुढे किंग्जचे फेलो. त्याच काळात शेजारच्या कॉलेजातला एक सडपातळ विद्यार्थी नारळीकरांची आकडेमोड उत्सुकतेने बघायचा. 1964 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी आपला आणि नारळीकरांचा सिद्धांत मांडला, तेव्हा तो उठून म्हणाला की यातली एक राशी अनंत होते. तो विद्यार्थी म्हणजे हॉकिंग.

चिंतामणराव देशमुखही केंब्रिजचेच, पण त्यांचं जीझस कॉलेज या पट्ट्यात येत नाही. मनमोहन सिंग सेंट जॉन्सचे. नेहरू ट्रिनिटीचे. होमी भाभा ज्या कॉलेजचे ते Caius असं लिहितात, पण वाचायचं 'कीज'. तेही नदीवरून दिसत नाही.

उच्चारांचा गोंधळ होतो. आणखी काही?

मॉडलिनच्या स्पेलिंगमध्ये 'मॅग्डलीन' दिसतं, वाचायचं मॉडलिन. कीसाइडला कुणी 'क्वेसाइड' म्हणालं तर टॅक्सीवाला समजून घेतो. क्वीन्समधल्या राण्या दोन आहेत, म्हणून इंग्रजीत त्या नावातलं ॲपॉस्ट्रॉफीचं चिन्ह एसच्या नंतर येतं. बाकी चालून जातं.

गाईडची पंट घ्यावी की स्वतः चालवावी?

पहिल्यांदा गाईडची. हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव ओला आहे.

सांगलीचे मामा आले होते. कृष्णेत पोहून वाढलेला माणूस. त्यांना दुसऱ्याने चालवलेल्या होडीत बसणं कमीपणाचं वाटलं. आम्ही पंट भाड्याने घेतली. मामांना काठी देण्याऐवजी यजमानपणाच्या नात्याने मी फळीवर उभी राहिले. किंग्जच्या पुलापर्यंत नागमोडी का होईना, आलो. तिथे काठी चिखलात रुतली. पंट पुढे चालली, काठी मागे राहिली, आणि माझे हात काठीवर, पाय पंटवर. अशा वेळी काय करायचं याचा नियम एकच आहे, धक्क्यावरच्या मुलाने तो सांगितलाही होता: काठी सोडून द्या. होडीत अडीअडचणीसाठी छोटं वल्हं असतं, त्याने मागे येऊन काठी घेता येते. पण भाड्याच्या वस्तूवर अनामत दिलेली असते आणि मराठी मन ती सहजासहजी सोडत नाही. क्षणभर मी नदीच्या वर काठीला लोंबकळत होते, मग हळूहळू, अगदी सावकाश, खाली आले. शेजारच्या पंटमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी छातीपर्यंत आणि मे महिन्यातही बर्फासारखं. मामांनी शांतपणे वल्हं उचललं आणि म्हणाले, 'सोडायचं ते सोडावं गं वेळेवर.'

त्यामुळे: गाईडच्या मोठ्या पंटमध्ये 12 जणांपर्यंत बसतात, इतिहास कळतो, कपडे कोरडे राहतात. दुसऱ्या खेपेला, तरुण मंडळी असतील तर, भाड्याची घ्या. तिच्यात सहसा सहा जण बसतात, भाडं तासावर असतं आणि अनामत वेगळी. केंब्रिजमध्ये मागच्या बंद फळीवर उभं राहून चालवतात. ऑक्सफर्डला उलट टोकाकडून, होडीच्या आत उभं राहून. दोन्हीकडचे एकमेकांना चूक म्हणतात.

खर्च किती? रस्त्यावर तिकीट विकणाऱ्यांकडून घ्यावं का?

सामायिक गाईडेड सफर माणशी साधारण 20 ते 35 पौंड. वार, वेळ आणि हंगामाप्रमाणे बदलते, ऑनलाइन काढलं तर बहुधा स्वस्त. दुपारपेक्षा सकाळची पहिली फेरी कमी दरात मिळते.

गावाच्या मध्यभागी गळ्यात पाटी अडकवलेली मुलंमुली 'पंटिंग, पंटिंग' करत मागे लागतात. यातली काही अधिकृत, काही नाहीत. त्यांच्या त्रासापायी नगरपालिकेने नियमही केले. भाव सांगतील तो शेवटचा नसतो. तुळशीबागेत तयार झालेल्या माणसाला यापुढे काही शिकवायची गरज नाही. फक्त तिकिटावर किती मिनिटं आणि कुठला धक्का, हे आधी वाचून घ्या.

कधी यावं?

मे ते सप्टेंबर. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवारी दुपारी नको. नदीवर अलका चौक होतो, पंटवर पंट आपटतात आणि गाईडचं अर्धं बोलणं 'सॉरी, सॉरी'त जातं. सकाळी दहाच्या आत या, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि त्या तिरप्या उन्हात चॅपलचा दगड मधासारखा दिसतो. ऑक्टोबरच्या शेवटी झाडांची पानं पिवळी पडतात, तोही चांगला काळ, गर्दी नसते. हिवाळ्यातही फेऱ्या असतात. ब्लँकेट देतात, वर स्वेटर आपला.

आम्ही जूनमध्ये येतोय. 'मे बॉल' बघायला मिळेल का?

मे बॉल जूनमध्येच असतात, हे बरोबर ऐकलंत. परीक्षा संपल्यावरचे कॉलेजांचे रात्रभराचे जलसे. तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, पण ट्रिनिटी आणि सेंट जॉन्सची आतषबाजी बघायला अर्धं गाव पंटमध्ये बसून नदीवर थांबतं. त्या रात्रींची पंट फार आधी ठरवावी लागते.

पाऊस आला तर?

छत्री देतात आणि निघतात. इथल्या पावसाला आपण पाऊस म्हणत नाही. नदीला पाणी चढलं किंवा फार वारा असला तरच फेरी रद्द होते, मग पैसे परत किंवा दुसरी वेळ.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का? आणि पोहता येत नाही.

बसायच्या गाद्या खाली, जवळजवळ बुडाला टेकलेल्या असतात. चढणं कठीण नाही, उठणं कठीण आहे. धक्क्यावर दोन पायऱ्या असतात आणि होडी हलते. आधी सांगितलं तर माणसं हात देतात, काठाजवळची जागा देतात. माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीत बसल्या आणि उठवायला आम्ही तिघं लागलो, पण त्या अजून फोटो दाखवतात. चाकाची खुर्ची असेल तर आधी फोन करूनच या. सगळ्या धक्क्यांवर सोय नाही.

पोहता न येणाऱ्यांनी घाबरू नये. मिल पाँडच्या बंधाऱ्यापासून जीझस लॉकपर्यंतचं पाणी अडवलेलं, संथ आहे. गाईडच्या पंट जड आणि स्थिर असतात, बसलेला माणूस पडत नाही. लहान मुलांसाठी लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही. पुलाखालून जाताना हात होडीच्या काठावर ठेवू नका, दुसरी पंट घासून जाते.

डबा नेता येतो का? आणि... ते दुसरं?

कोरडा खाऊ बहुतेक ठिकाणी चालतो. पोळीचे रोल उत्तम. चिवडा नको, वाऱ्याने पुढच्या रांगेतल्या जपानी बाईंच्या केसांत जातो. असं झालंय. बदकांना काही घालू नका.

ते दुसरं: बोटीत स्वच्छतागृह नाही आणि मधे कुठे उतरता येत नाही. चहा पिऊन थेट धक्क्यावर येऊ नका.

नंतर कॉलेज आतून बघता येतात का?

काही, काही वेळा. किंग्जला तिकीट आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. त्या काळात नदीवरही 'शांतता राखा' अशा पाट्या दिसतील. रेन लायब्ररी ठरावीक दिवशी थोडा वेळच उघडी असते, तिची वेळ आधी बघून बाकीचा दिवस आखा.

ग्रँचेस्टर काय प्रकार आहे?

मिल पाँडच्या वरच्या अंगाला असलेलं नदीकाठचं गाव. तिकडे कॉलेजं नाहीत, कुरणं आणि गाई आहेत आणि शेवटी चहाची बाग. बंधारा आडवा येतो म्हणून खालच्या पट्ट्यातली पंट तिकडे न्यायची तर रुळांवरून ओढून चढवावी लागते. त्यापेक्षा चालत जा. नदीकाठची पायवाट तासाभरात पोहोचवते.

लंडनहून एका दिवसात होईल का?

आरामात. किंग्ज क्रॉसहून जलद गाडी सुमारे 50 मिनिटांत आणते. लिव्हरपूल स्ट्रीटहून जास्त वेळ लागतो. उतरायचं 'केंब्रिज' स्टेशनला, 'केंब्रिज नॉर्थ'ला नाही. दर वर्षी कुणीतरी तिथे उतरतं आणि मला फोन करतं. स्टेशनपासून नदी पंचवीस मिनिटं चालत, किंवा बस. सकाळी दहाची पंट, मग किंग्जचं चॅपल, दुपारी बाजार चौकात काहीतरी खाणं. आणि संध्याकाळी सहाच्या आत कळवलंत तर आमच्याकडे पिठलं-भात.